सर्प मारल्यानंतर : डेल्फीच्या कथेतील विजय आणि प्रायश्चित्त

देवाने महासर्पाला मारले, ही कथा अनेक प्राचीन वाङ्मयांत आढळते आणि ती सांगण्याची रीतही बहुधा ठरलेली असते. सर्प पाणी अडवतो, वाट अडवतो किंवा माणसे गिळतो. देव येतो, शस्त्र उचलतो, सर्प कोसळतो आणि कथा जयघोषात संपते. शिल्पकार दगडात धरतो तो हाच क्षण. ग्रीक पुराणकथांतही असे क्षण विपुल आहेत. झ्यूसने टायफॉनला वज्राने जाळले, अपोलोने डेल्फी येथे पायथॉनला बाणांनी मारले, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला साधारणपणे ठाऊक असते. परंतु या कथा एकाच ग्रंथातून न वाचता अनेक शतकांच्या ग्रंथांतून ओळीने वाचल्या, तर एक वेगळेच चित्र दिसू लागते. सर्प मेल्यानंतर काय झाले, हा प्रश्न ग्रीकांनी सोडून दिला नाही. मारणाऱ्याचे पुढे काय झाले? मेलेल्याचे काय झाले? ज्या जागेसाठी हा वध झाला त्या जागेवर कोणाचा हक्क राहिला? या प्रश्नांची त्यांनी परस्परविरोधी उत्तरे दिली आणि ती सर्व उत्तरे जपून ठेवली. प्रस्तुत लेखात आम्ही मुख्यतः डेल्फीची कथा घेणार आहोत. कारण आमच्या मते तिचा खरा अर्थ वधात नसून वधानंतरच्या या हिशेबात आहे.

आरंभी एका शब्दाची नोंद घेणे आवश्यक आहे. या महासर्पांना ग्रीक भाषेत ‘द्राकॉन’ म्हणतात. युरोपीय भाषांतून आपल्याकडे आलेला पंखांचा, आग ओकणारा ‘ड्रॅगन’ याच शब्दाचा वंशज असला, तरी मूळ द्राकॉन हा प्रामुख्याने सर्पच होता. हा शब्द ‘पाहणे’ या अर्थाच्या ज्या ग्रीक धातूशी जोडला जातो, तो संस्कृतमधील ‘दृश्’ धातूचा सगोत्र आहे. द्राकॉन म्हणजे पापणी न लववता रोखून पाहणारा. तो झऱ्याची, गुहेची, भविष्यस्थानाची राखण करतो, म्हणजेच जागेवर नजर ठेवतो. ग्रीक कथांतील सर्प बहुधा कशाचा तरी राखणदार असतो, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

१. स्तोत्रातील निनावी सर्पिणी

डेल्फीच्या वधाचे आपल्याला उपलब्ध असलेले सर्वांत जुने सविस्तर कथन होमरच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या अपोलो-स्तोत्रात आहे. त्याचा डेल्फीविषयीचा भाग सामान्यतः इ.स.पू. सहाव्या शतकातील मानला जातो. तरुण अपोलो आपल्या भविष्यस्थानासाठी जागा शोधत हिंडतो आहे. टेलफूसा नावाच्या झऱ्याची देवता त्याला आपल्या परिसरातून गोड बोलून वाटेला लावते आणि पार्नासस पर्वताच्या पायथ्याकडे पाठवते. तेथे झऱ्याजवळ माणसांचा आणि मेंढरांचा संहार करणारी एक सर्पिणी राहते. अपोलो तिला बाणाने मारतो, तडफडून मरणाऱ्या तिच्या देहासमोर उभा राहून वल्गना करतो आणि सूर्य त्या देहाला कुजवतो. कुजणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून त्या जागेला ‘पायथो’ हे नाव पडले, असे स्तोत्रकार सांगतो. डेल्फीचे हेच जुने नाव.

या कथनात काय नाही, हे काय आहे याइतकेच लक्षणीय आहे. सर्पिणीला नाव नाही. ती कोणत्याही भविष्यस्थानाची राखण करीत नाही. अपोलोच्या आधी तेथे कोणा देवतेची सत्ता होती, असा उल्लेख नाही. वधानंतर देवाला पश्चात्ताप, शुद्धी, देशांतर यांपैकी काहीही घडत नाही. तो परत फिरतो आणि आपल्याला फसवणाऱ्या टेलफूसाचा झरा दरडीखाली गाडून टाकतो. त्यानंतर डॉल्फिनचे रूप घेऊन तो क्रीटच्या खलाशांच्या गलबतावर झेप घेतो आणि त्यांनाच आपले पुजारी नेमतो. स्तोत्र हे स्तुतीसाठी असते, त्यामुळे देवाच्या हातावर डाग ठेवणे स्तोत्रकाराला परवडणारे नव्हते.

तरीही त्याने कथेच्या मध्यभागी एक आडवळण घेतले आहे. झ्यूसने अथेनाला एकट्याने जन्म दिला, या रागाने हेराने पतीवाचून टायफॉनला जन्म दिला आणि त्याला वाढवण्यासाठी याच सर्पिणीच्या हवाली केले, असे तो सांगतो. म्हणजे मुलाने मारलेली सर्पिणी ही बापाच्या सर्वांत मोठ्या शत्रूची दाई होती. या एका धाग्याने डेल्फीची कथा झ्यूसच्या युद्धाशी बांधली जाते. म्हणून डेल्फीकडे परतण्यापूर्वी त्या युद्धाकडे पाहणे इष्ट ठरेल.

२. झ्यूसचे स्नायू

हीसिअडच्या ‘थिऑगनी’त, म्हणजे सुमारे इ.स.पू. ७०० मध्ये, टायफॉनचा वध निःसंदिग्ध आहे. टायटनांचा पराभव झाल्यावर पृथ्वी, म्हणजे गाइया, टार्टारसपासून आपले शेवटचे अपत्य प्रसवते. त्याच्या खांद्यांवर सर्पांची शंभर मस्तके आहेत आणि त्यांतून कधी देवांना कळणारी भाषा, कधी बैलाची डरकाळी, कधी सिंहगर्जना, कधी कुत्र्याच्या पिलांचे आवाज, तर कधी फूत्कार निघतात. झ्यूस वेळीच सावध होतो, वज्र उचलतो आणि त्याला जाळून पाताळात फेकतो. या युद्धात झ्यूसला ओरखडाही उमटत नाही. मात्र टायफॉनपासून समुद्रावरचे घातक वारे उत्पन्न झाले, ही नोंद हीसिअड करतो. पराभूत सर्प जगातून नाहीसा होत नाही. खलाशाला तो अजूनही भेटतो.

पुढे अपोलोडोरसच्या नावावर असलेल्या, ख्रिस्तोत्तर पहिल्या-दुसऱ्या शतकातील पुराणकथासंग्रहात हेच युद्ध अगदी निराळे होते. टायफॉनला पाहून बाकीचे देव प्राण्यांची रूपे घेऊन इजिप्तकडे पळतात. झ्यूस सीरियातील कॅसिअस पर्वतापर्यंत त्याचा पाठलाग करतो. पण तेथे टायफॉन त्याला वेटोळ्यांत पकडतो, त्याच्याच कोयत्याने त्याच्या हातापायांचे स्नायू कापून काढतो आणि त्याला सिलिशियातील कोरिशियन गुहेत टाकतो. स्नायू अस्वलाच्या कातड्यात गुंडाळून डेल्फाइनी नावाच्या अर्धसर्प कन्येच्या ताब्यात दिले जातात. हर्मीस आणि एजिपॅन ते चोरून आणतात, तेव्हा कुठे झ्यूस पुन्हा उभा राहतो. देवांचा राजा हाडांची मोळी होऊन गुहेत पडून आहे, असे हे चित्र आहे.

हे चित्र उशिराच्या ग्रंथात आले म्हणून ते उशिराचे मानण्याचे कारण नाही. हित्ती लोकांची राजधानी हत्तुशा येथे सापडलेल्या मृत्तिकापट्ट्यांवर इलुयांका सर्पाची कथा आहे. केल्ला नावाच्या पुरोहिताच्या तोंडून ती आली असून पुरुल्ली नावाच्या सणाशी निगडित आहे. तिच्या एका पाठात सर्प वादळदेवाचे हृदय आणि डोळे हिरावून घेतो. वादळदेव एका गरीब माणसाच्या मुलीपासून मुलगा जन्मास घालतो, त्या मुलाचे लग्न सर्पाच्या मुलीशी लावतो आणि आंदण म्हणून आपले अवयव परत मिळवतो. अखेरच्या युद्धात मुलगा सासऱ्याच्या बाजूला उभा राहतो, मलाही सोडू नका असे बापाला सांगतो आणि बाप सर्पाबरोबर मुलालाही मारतो. झ्यूस आणि टायफॉन यांची झुंज जेथे झाली तो कॅसिअस पर्वत म्हणजेच हित्तींचा हाझ्झी आणि युगारिटच्या कथांतील बाल देवाचा झाफोन पर्वत. ही कथा पूर्वेकडून ग्रीकांकडे आली, हे वॉल्टर बुर्कर्ट यांच्यासारख्या अभ्यासकांचे मत या भूगोलामुळे बळकट होते.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, वधाची किंमत मारणाऱ्याने चुकवावी लागते ही जाणीव या कथाकुळात फार जुनी आहे. हित्ती देवाने ती मुलाच्या रूपाने चुकवली. हीसिअडने तिला जागा दिली नाही. पण ती कथेतून गेली नाही. आणि पार्नाससवर डेल्फीच्या वरच्या अंगाला जी प्रसिद्ध गुहा आहे, तिचेही नाव कोरिशियन गुहा हेच आहे. काही ग्रीक कवींनी डेल्फीच्या सर्पालाही डेल्फाइनी हेच नाव दिले. दोन्ही कथा एकमेकींची आठवण ठेवून होत्या.

३. आधीचा मालक कोण?

आता डेल्फीकडे परत येऊ. इ.स.पू. पाचव्या शतकात कथेत एक नवी व्यक्ती ठळकपणे उभी राहते, ती म्हणजे जागेची आधीची मालकीण. युरिपिडीसच्या टॉरिसमधील इफिजेनियाविषयीच्या नाटकात, साधारण इ.स.पू. ४१४ च्या सुमारास, वृंद गातो की सर्प पृथ्वीच्या भविष्यस्थानाचा राखणदार होता आणि आईच्या कडेवरच्या अपोलोने त्याला मारून थेमिसला तेथून हटवले. पृथ्वीने लेकीच्या कैवाराने माणसांना रात्री भविष्यसूचक स्वप्ने पाठवण्यास आरंभ केला. अपोलोचे गिऱ्हाईकच तुटले. बाळ धावत ऑलिंपसवर गेले, झ्यूसच्या सिंहासनाला हात घालून गाऱ्हाणे करू लागले. एवढ्याशा पोराला संपत्तीची ओढ लागलेली पाहून झ्यूस हसला आणि त्याने स्वप्ने बंद केली. युरिपिडीसच्या या विनोदाला चांगलीच धार आहे. वध, बळकावणी, मूळ मालकिणीचा प्रतिकार आणि सत्ताधीशाच्या मान डोलावण्याने मिटलेला वाद, असा पूर्ण व्यवहार त्यात आहे.

याच कथनाच्या आधारावर एक लोकप्रिय स्पष्टीकरण उभे राहिले. बाखोफेनने १८६१ मध्ये मातृसत्तेविषयीच्या आपल्या ग्रंथात ग्रीक नाट्यामध्ये मातृहक्क आणि पितृहक्क यांचा संघर्ष वाचला. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १९५५ च्या आपल्या ग्रीक पुराणकथांच्या ग्रंथात पायथॉनवध म्हणजे उत्तरेकडून आलेल्या आक्रमकांनी भूमातेचे देवस्थान बळकावल्याची आठवण, असे सांगितले. सर्प म्हणजे जित लोक आणि देव म्हणजे जेते, हे समीकरण वर्गात समजावायला सोपे आहे. आपल्याकडेही खांडववनातील नाग ही माणसेच असावीत, हा विचार इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. प्राचीन ग्रीकांनाही ही वाट अपरिचित नव्हती. इ.स.पू. चौथ्या शतकातील इतिहासकार एफोरस याने पायथॉन हा ‘द्राकॉन’ असे टोपणनाव असलेला एक दांडगा माणूस होता, असे लिहिल्याचे स्ट्रेबो नमूद करतो.

परंतु डेल्फीच्या बाबतीत हे समीकरण जमिनीवर टिकत नाही. फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १८९० च्या दशकात, देवस्थानावर वसलेले कास्त्री गाव हलवून, तेथे मोठे उत्खनन केले. मायसीनियन काळात तेथे वस्ती होती, हे त्यातून दिसले. काही मृण्मय स्त्रीमूर्तीही मिळाल्या. मात्र अपोलोच्या आधी तेथे पृथ्वीचे भविष्यस्थान चालत होते, असे सिद्ध करणारा पुरावा मिळाला नाही. त्यातच जुने स्तोत्र आधीच्या मालकिणीबद्दल मौन पाळते आणि नंतरची नाटके तिच्याविषयी बोलतात, हा क्रम पाहता क्रिस्तिआन सूर्विनू-इनवुड यांनी १९८० च्या दशकात मांडलेले मत आम्हाला ग्राह्य वाटते. त्यांच्या मते ‘आधीचे मालक’ ही इतिहासाची स्मृती नसून पुराणकथेने स्वतः घडवलेली कल्पना आहे.

मग प्रश्न अधिकच गंभीर होतो. जेथे प्रत्यक्षात कोणी हुसकावले गेल्याचा पुरावा नाही, तेथे कोणीतरी हुसकावले गेले होते, असे ग्रीकांना का सांगावेसे वाटले? जेते आपला अपराध लपवतात, हे आपण नेहमी ऐकतो. येथे तर एका समाजाने आपल्या सर्वांत पवित्र स्थानाच्या मुळाशी एक अपराध स्वतः नेऊन ठेवला आहे.

४. एस्किलसने गाळलेला वध

या प्रश्नाचे सर्वांत खोल उत्तर वध गाळणाऱ्या नाटककाराकडे सापडते. इ.स.पू. ४५८ मध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या ‘युमेनिडीज’ या नाटकाचा आरंभ डेल्फीच्या पुजारिणीच्या प्रार्थनेने होतो. तिच्या सांगण्यानुसार हे स्थान प्रथम पृथ्वीचे, नंतर थेमिसचे, नंतर फीबीचे होते आणि फीबीने ते अपोलोला जन्माची भेट म्हणून दिले. कोणावरही बळजबरी झाली नाही, हे ती आवर्जून सांगते. सर्पाचा उल्लेखही नाही.

एस्किलसला ही कथा ठाऊक नसावी, हे संभवत नाही. त्याने ती का गाळली, हे नाटकाच्या रचनेतून उमगते. आईची हत्या करून आलेला ऑरेस्टिस डेल्फीला शरण आला आहे. अपोलोने डुकराच्या रक्ताने त्याची शुद्धी केली आहे. त्याच्या मागे लागलेल्या एरिनीस या सूडदेवता जुन्या पिढीच्या आहेत आणि नव्या देवांनी आपल्याला तुडवले, अशी त्यांची तक्रार आहे. अशा वेळी खुद्द अपोलोने पृथ्वीच्या राखणदाराला मारून ही जागा घेतली असे म्हटले असते, तर खटला उभा राहण्यापूर्वीच निकाली निघाला असता.

पण गाळलेला सर्प नाटकातून जात नाही. याच नाट्यत्रयीतील आधीच्या नाटकात क्लायटेम्नेस्ट्राला आपण सर्पाला जन्म दिल्याचे स्वप्न पडते आणि तो सर्प म्हणजे तिला मारणारा मुलगा ठरतो. ‘युमेनिडीज’मध्ये तिचे प्रेत अपोलोच्या गाभाऱ्यात झोपलेल्या सूडदेवतांना उठवताना त्यांच्या निद्रिस्त आवेशाला ‘द्राकाइना’चा, म्हणजे सर्पिणीचा आवेश म्हणते. अपोलो-स्तोत्रातील त्या निनावी सर्पिणीसाठी वापरलेला शब्दही हाच आहे. थोड्याच वेळात अपोलो प्रवेश करतो आणि या सूडदेवतांवर बाण सोडण्याची धमकी देतो. तो आपल्या बाणाला पंख असलेला लखलखता सर्प म्हणतो. डेल्फीचे मंदिर, आत सर्पिणी, समोर धनुर्धारी अपोलो, अशी जुन्या वधाची संपूर्ण मांडणी एस्किलसने रंगमंचावर पुन्हा उभी केली आहे. फरक एवढाच की मारणाऱ्याचे शस्त्रही आता सर्पच आहे आणि बाण सुटत नाही.

प्रकरण अथेन्सला जाते, खटला चालतो, ऑरेस्टिस सुटतो. तरीही सूडदेवतांचा क्रोध शमत नाही. तो शमवते अथेना, आणि ज्या शक्तीचे ती आभार मानते तिचे नाव ‘पायथो’शी उच्चारात जवळ भासणारे पण अर्थाने सर्वस्वी वेगळे आहे : पेइथो, म्हणजे मन वळवणे, समजूत घालणे. पराभूत शक्तींना भूमीखाली घर, मान आणि पूजा मिळते. आरंभीची बळजबरीविना झालेली भेट ही या शेवटाची पूर्वसूचना होती. सर्पाला मारल्यावाचून नवी व्यवस्था उभी राहू शकते का, हा एस्किलसचा प्रश्न आहे. तो मांडण्यासाठी त्याला आधी वध पुसावा लागला.

५. पळणारा मुलगा

एस्किलसचे उत्तर अथेन्सचे होते. डेल्फीने स्वतः दिलेले उत्तर नाटकात नसून विधीत आहे. दर आठ वर्षांनी तेथे ‘सेप्टेरिऑन’ नावाचा विधी होत असे. त्याची माहिती प्रामुख्याने प्लूटार्ककडून मिळते. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकाच्या अखेरीपासून तो स्वतः अनेक वर्षे डेल्फीचा पुजारी होता, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे. एक झोपडीवजा मांडव उभारला जाई. आईवडील दोघेही हयात असलेल्या एका मुलाला पेटत्या मशाली घेतलेले लोक शांतपणे, चोरपावलांनी तेथवर नेत. मांडवाला आग लावली जाई, आतले मेज उलथवले जाई आणि सर्वजण मागे वळून न पाहता पळत सुटत. त्यानंतर त्या मुलाची भटकंती, दास्य आणि थेसलीतील टेंपे खोऱ्यात शुद्धी. ईलिअनच्या म्हणण्यानुसार झ्यूसच्या आज्ञेवरून अपोलोने टेंपे येथे स्वतःची शुद्धी केली आणि तेथील लॉरेलचा मुकुट घालून तो डेल्फीला परतला; म्हणून मुलांची मिरवणूक त्याच वाटेने लॉरेल घेऊन येई.

रात्रीचा चोरटा हल्ला, जाळपोळ आणि पलायन यांत विजयोत्सवाची खूण कोठेही नाही. प्लूटार्कच्या संवादातील क्लिओम्ब्रोटस नेमका येथेच अडखळतो. तो म्हणतो की हा मांडव सर्पाच्या बिळासारखा नसून राजाच्या घरासारखा दिसतो. मुलाचे दास्य आणि शुद्धी पाहता येथे काहीतरी मोठे पातक घडले असावे असा संशय येतो. आणि एका पशूला मारल्याबद्दल देवाने ग्रीसच्या टोकापर्यंत पळत जाऊन शुद्धी मागावी, हे हास्यास्पद आहे. त्याचा तोडगा असा की वध करणारा देव नसून देव आणि माणूस यांच्यामधला एखादा ‘दायमॉन’ होता. देवाची प्रतिमा निष्कलंक ठेवण्याची ही तत्त्वज्ञाची धडपड आहे. पण या आक्षेपातूनच विधीचे सामर्थ्य दिसते. मंदिराच्या कारभारात आणि तत्त्वज्ञानाच्या चर्चेत देव कितीही शुद्ध होवो, दर आठ वर्षांनी एका मुलाला त्याच्या जागी उभे राहून पळावेच लागत होते.

या आठ वर्षांचा पडसाद इतरत्रही आहे. थीब्ज नगरीचा संस्थापक कॅडमस याने युद्धदेव एरिसच्या सर्पाला मारले, तेव्हा त्याला एरिसची आठ वर्षे सेवा करावी लागली, असे अपोलोडोरस सांगतो. आणि आयुष्याच्या शेवटी कॅडमस स्वतःच सर्प झाला. खुद्द अपोलोने अॅडमीटस राजाच्या घरी गुराखी म्हणून जे दास्य केले, ते सर्पवधाचेच प्रायश्चित्त होते, असेही एक मत प्राचीन टीकाकारांनी नोंदवून ठेवले आहे.

पॉसेनिअस या प्रवासी लेखकाने सिकिऑन नगरीतून आणलेली कथा तर अधिक बोलकी आहे. पायथॉनला मारल्यावर अपोलो आणि आर्टेमिस शुद्धीसाठी तेथे आले. पण तेथे त्यांना भयाने ग्रासले आणि ते क्रीटला कार्मानोरकडे निघून गेले. इकडे नगरात रोगराई पसरली. तेव्हा सात मुलगे आणि सात मुली नदीकाठी याचना करण्यास गेल्या. त्यांनी देवांची मनधरणी केली आणि देव परत आले. जेथे ते आले तेथे पेइथोचे देवस्थान उभे राहिले. भ्यालेले देव आणि त्यांची समजूत घालणारी मुले, असे हे चित्र आहे. एस्किलसने अथेनाच्या मुखी जी शक्ती ठेवली, तीच येथे मुलांच्या हाती आहे.

६. मेलेल्याचा वाटा

मारणाऱ्याचा हिशेब असा झाला. मेलेल्याच्या वाट्याला काय आले? आमच्या मते जवळजवळ सर्वकाही. डेल्फीच्या भविष्यवादिनीला ‘पायथिया’ हे नाव त्या कुजलेल्या देहाच्या जागेवरून मिळाले. अपोलोलाही ‘पायथियन’ हे बिरुद चिकटले. हायजायनसच्या कथासंग्रहानुसार अपोलोने सर्पाची अस्थी एका कढईत घालून मंदिरात ठेवली आणि त्याच्या अंत्यविधीनिमित्त क्रीडा सुरू केल्या. त्याच पायथियन क्रीडा. जगाची नाभी म्हणून डेल्फीत पुजला जाणारा ‘ऑम्फॅलॉस’ दगड म्हणजे पायथॉनची समाधी, असे काही जण मानत, हे रोमन पंडित व्हॅरो नमूद करतो.

इ.स.पू. ५८६ मध्ये या क्रीडांत आर्गॉसचा साकाडास हा ‘औलॉस’ या जोडबासरीच्या वादनात विजयी झाला. तेथे वाजवल्या जाणाऱ्या ‘पायथियन’ रचनेचा विषय अपोलो आणि सर्प यांचे युद्ध हा होता आणि तिचे पाच भाग असत. मरणाऱ्या सर्पाचा शेवटचा फूत्कार बासरीतून काढून दाखवणे, हा तिच्या शेवटच्या भागाचा विशेष असल्याचे स्ट्रेबो सांगतो. म्हणजे देवाच्या उत्सवात स्पर्धकाचे कसब पणाला लागे ते सर्पाच्या अखेरच्या श्वासात.

याहूनही ठोस साक्ष धातूची आहे. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लॅटीआच्या लढाईत पर्शियनांचा पराभव केल्यावर ग्रीक नगरांनी अपोलोला सोन्याची तिवई अर्पण केली. ती ज्या कांस्यस्तंभावर होती तो एकमेकांत गुंफलेल्या तीन सर्पांचा होता आणि त्यावर ३१ नगरांची नावे कोरली होती. सर्प मारणाऱ्या देवाचे आभार सर्पांच्या रूपात मानले गेले आणि यात कोणाला विसंगती वाटल्याचे दिसत नाही. सोने पुढे फोकियनांनी वितळवले. स्तंभ चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनने आपल्या नव्या राजधानीत नेला. मस्तके गमावलेला हा स्तंभ आजही इस्तंबूलमध्ये उभा आहे. मंदिर पडले, देवाची पूजा थांबली. सर्प मात्र राहिले.

७. हत्येला हत्या म्हणणे

संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला येथे इंद्र आणि वृत्र आठवल्यावाचून राहणार नाहीत. हे साम्य वरवरचे नाही. वेदातील ‘अहि’ आणि ग्रीक ‘ओफिस’ हे सर्पवाचक शब्द एकाच मुळाचे आहेत. ज्या ‘हन्’ धातूने इंद्राचा पराक्रम सांगितला जातो, त्याच मूळ धातूपासून ग्रीक ‘फोनोस’ हा शब्द आला आहे. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सर्पवधाचे हे शब्दसूत्र अनेक भाषांतून उलगडून दाखवले. ‘फोनोस’चा अर्थ आहे खून, ‘हन्’पासून आपल्याकडे ‘हत्या’ आली. दोन्हीकडे वीरकृत्याचा आणि अपराधाचा धातू एकच. दोन्हीकडे परिणामही सारखा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसाव्या सूक्तात वध केल्यानंतर इंद्र भयाने नद्या ओलांडून पळतो आणि महाभारताच्या उद्योगपर्वात तो पातकाच्या भाराने पाण्यात दडून बसतो.

हे साम्य दाखवून दोन्ही परंपरा एकच होत्या, असे आम्हाला म्हणायचे नाही. डेल्फीचे वेगळेपण तिच्या कामात आहे. हातून रक्त सांडलेल्या माणसाने शुद्ध कसे व्हावे, हे विचारण्यासाठी ग्रीक लोक जेथे जात, ते हे स्थान. अशा माणसाला उंबऱ्याच्या आत घेणाऱ्या देवाकडे दोनच मार्ग होते : स्वतः कधीही न डागाळलेला न्यायाधीश असणे, किंवा त्याच वाटेने आधी चालून गेलेला असणे. स्तोत्राने पहिला मार्ग सुचवला, प्लूटार्कच्या तत्त्वज्ञाला तोच हवा होता. विधीने दुसरा धरला. हुसकावणीचा पुरावा नसतानाही ग्रीकांनी डेल्फीच्या मुळाशी अपराध का ठेवला, या प्रश्नाचे आम्हाला सुचणारे उत्तर हे आहे. ज्या देवाला प्रायश्चित्त ठाऊक नाही, त्याच्याकडून ते मागण्यास कोण जाणार?

म्हणून पुराणकथा वाचताना सर्प म्हणजे कोण, हा शोध पुरेसा नाही. त्या सर्पाच्या जागी एखादी जमात, एखादी देवी किंवा एखादी नदी बसवली की कथा सुटली असे वाटते. परंतु त्यामुळे आपण पुन्हा वधाच्या क्षणापाशीच थांबतो. परंपरेचा कस लागतो तो पुढच्या प्रश्नावर : मारल्यानंतर तिने आपल्या देवाला काय करायला लावले? डेल्फीने त्याला पळायला लावले, सेवा करायला लावली, शत्रूची अस्थी घरात ठेवायला लावली आणि शत्रूच्याच नावाने ओळखले जायला लावले. विजयाची इतकी महाग किंमत लिहून ठेवणारी कथा केवळ जेत्यांची कथा म्हणून बाजूला ठेवता येत नाही.